दोन विहिरी

दोन्ही पेल्यांत अमृतलालने गुलाबी औषधाचे मोजून वीस-वीस थेंब सोडले आणि तो घड्याळ पुढ्यात घेऊन बसला. समोर गेणभाऊ जाधव हाताची घडी घालून उभे होते. पाव तासात पेठेच्या विहिरीच्या पाण्याचा रंग पार उडाला. गेणभाऊंच्या मळ्यातल्या, वरच्या विहिरीचं पाणी होतं तसं गुलाबीच राहिलं.

“जे पाणी रंग खातं, त्यात घाण,” अमृतलाल म्हणाला. “पटकी पेठेच्या विहिरीतून येतेय. तुमचं पाणी निवळशंख आहे. उकळायचीसुद्धा गरज नाही.”

गावात आठ दिवसांत पटकीच्या जुलाब-उलट्यांनी नऊ माणसं गेली होती. अमृतलाल पुण्याला बी.एस्सी.ला होता, रसायनशास्त्र घेऊन. वीस दिवसांवर परीक्षा आली म्हणून वाचायला घरी आला, आणि पुस्तक उघडलं की कोणाच्या तरी दारात रडारड सुरू व्हायची. पान उलटायचं, डोक्यात काही शिरायचं नाही. त्याचे वडील केवलचंदशेठ दुकानात येईल त्याला सांगायचे की पोरगा तीन वर्षं पुण्यात काचेच्या नळ्या धुतोय. ते त्याच्या मनाला फार लागायचं. एवढं शिकून शेजारचं माणूस वाचवता येत नसेल तर करायचं काय त्या शिक्षणाचं, असं त्यालाही वाटायला लागलं होतं.

“मग मी काय करू म्हणतोस?” गेणभाऊंनी विचारलं.

“तुमची विहीर गावाला खुली करा. पेठेच्या विहिरीत मी औषध टाकतो. पंधरा दिवसांनी तीही चांगली होईल.”

गेणभाऊंनी गुलाबी पेला उचलून उजेडात धरला. “माझ्या मळ्यात अजून एक माणूस पडलं न्हाई, राव. समदं गाव तिथं आणलं आन् माझ्या घरात शिरली तर?”

“नाही शिरणार. माझा शब्द.”

“शेटजीच्या पोराचा का शिकलेल्या माणसाचा?”

“दोघांचा.”

गेणभाऊंनी मान डोलावली. त्याच दुपारी दवंडी फिरली.

अमृतलालची आई उगमबाई, जिला तो बाईच म्हणायचा, दाराआडून ऐकत होती. गेणभाऊ गेल्यावर ती बाहेर आली. पाण्याच्या बाबतीत या जैन बाईसारखी काटेकोर बाई पंचक्रोशीत नव्हती. जाड फडक्यातून गाळल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, आणि फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्या पाण्याने हलकेच धुऊन ज्या विहिरीचे त्या विहिरीत परत सोडायचे. लग्न होऊन आल्यापासून एक दिवस चुकला नव्हता.

“तुझ्या त्या औषधानं विहिरीतलं किती जीव मरत्याल रं?” तिने विचारलं.

“सगळे, बाई. त्यासाठीच तर टाकायचं.”

ती खाली बसली आणि म्हणाली, “उद्या अष्टमी हाय. उद्याचा दिस तरी हिंसा नको. परवा टाक.”

“इथं माणसं मरतायत आणि तू अष्टमी काय घेऊन बसलीस?”

“कोण पितंय आता त्या विहिरीचं? दवंडी झाली न्हवं? येक दिस, अमृत. आजवर तुज्याकडं काय मागितलंय का?”

खरंच मागितलं नव्हतं. शिवाय जुन्नरच्या दवाखान्यातून त्याच गुलाबी औषधाचे, परमँगनेटचे खडे आणायचे होते, त्यात उद्याचा दिवस जाणारच होता. तो चिडला, पण कबूल झाला.

अष्टमीला उगमबाईचा उपास होता. दिवस उगवायला ती शेजारच्या कंचनबाईला घेऊन पेठेच्या विहिरीवर गेली. अमृतलाल जुन्नरला जायला निघाला तेव्हा दोघी पोहरा ओढत होत्या, पाणी फडक्यातून गाळत होत्या आणि गाळलेलं पाणी ओतून देत होत्या.

“बाई, हे पाणी तोंडाला लावायचं नाही हं!” तो ओरडला.

“न्हाई लावत. तू जा.”

तो संध्याकाळी परतला तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते. देवधर्माचं असंच असतं, असं म्हणून त्याने त्यावर तूप लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी गावादेखत त्याने खडे विरघळवून विहिरीत ओतले. पाणी जांभळं झालं, बायका मागे सरल्या, पोरं पुढे झाली. केवलचंदशेठ पहिल्यांदाच चारचौघांत म्हणाले, “माझा मुलगा बी.एस्सी.ला आहे.” वर मळ्यात घागरींची रांग लागली होती. गेणभाऊ स्वतः पाणी ओढून देत होते, आणि येईल त्याला अमृतलालचं नाव सांगत होते.

त्या दुपारी अमृतलालने पुस्तक उघडलं, आणि कितीतरी दिवसांनी अक्षरं जागेवर राहिली. उगमबाई वरच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो घटाघटा प्यायला. आईच्या हातांचे फोड पाहून त्याला भरून आलं.

“बाई, रागावलीस ना? तुझ्या मुलाच्या हातून इतके जीव मेले.”

उगमबाई हसली. किती दिवसांनी हसली.

“येकबी मेला न्हाई, लेकरा. काल दिसभर आमी दोघींनी गाळून काढलं. तुला पाप लागू नये म्हणून येक येक फडकं हातानं वाहून न्हेलं आन् समदे जीव वरच्या विहिरीत सुखरूप सोडले.”