फक्त बाबांसाठी

“शनिवारी शाळेत आईला नको आणूस. तू एकटाच ये,” मुलगी म्हणाली आणि खोडरबर कुरतडायला लागली.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिच्या बापानं कात्री खाली ठेवली. “का गं? सगळे तिच्या रुमालाकडे बघतील म्हणून?”

मुलीनं मान खाली घालून खोडरबराचे कण झटकले.

“बरं,” तो म्हणाला.

इतक्या चटकन ‘बरं’ म्हटल्याचं त्याचं त्यालाच कसंतरी झालं. आईची अशी लाज वाटून घेऊ नये, एवढं तरी बापानं सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडानं सांगणार? बाजारात हा बायकोच्या चार पावलं पुढे चालायचा. डोक्याला रुमाल बांधलेली, भुवया गेलेली ती मागून हळूहळू यायची आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून हा देवाला विनवायचा. तिची लाज वाटायची, आणि अशी लाज वाटते याची त्याहून जास्त लाज वाटायची.

बायकोच्या उपचारांसाठी ते या शहरात राहायला आले होते. शाळेत मुलीचं नाव घालायला तो एकटाच गेला, कारण बायको तेव्हा इस्पितळात होती. शाळेतल्या कुणी तिला पाहिलेलं नाही, हे त्याला बरंच वाटायचं.

त्यानं बायकोचा निळा ड्रेस पुन्हा हातात घेतला. शिंपी माणूस. अधूनमधून तो तिचा एखादा कपडा गुपचूप दुकानात आणायचा, टीप उसवायचा, बोटभर आत घ्यायचा आणि परत कपाटात नेऊन ठेवायचा. कपडे ढगळ झाले नाहीत की आपण वाळत चाललोय हे तिला कळणार नाही, अशी ही हुशारी. शिंप्याच्या बायकोला नवी टीप ओळखता येत नाही, असं समजणारा जगातला तो एकटाच शिंपी असावा.

संध्याकाळी घरी त्यानं थाप ठोकून दिली. “शनिवारी शाळेत बोलावलंय. फक्त बाबांसाठी आहे.”

“आयांना नाही?” बायकोनं विचारलं.

“या शाळेत नसतं तसं.”

तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी पुस्तकात डोकं खुपसून बसली होती.

“बरं,” बायको म्हणाली. “इस्त्रीचा शर्ट घालून जा. आणि दारातली पायरी फुटलीये तिथली, बघून चढ.”

मुलगी शाळेतलं सगळं घरी येऊन सांगते, त्यामुळे पायरीचं तिला ठाऊक असण्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. तिनं फार खोदून विचारलं नाही, यातच तो सुटला.

“शाळेवरून आठवलं,” ती म्हणाली. “तुझ्याशी एक बोलायचं होतं. मी नसले की—”

घरातही एक जुनं मशीन होतं. त्याच्यावर एक पडद्याचं कापड पडलंच होतं. त्यानं पेडल दाबलं. ती ‘मी नसले की’ असं म्हणाली की तो नेहमी हेच करायचा. आता औषधानं आजार जाणार नाही, थोडा वेळ तेवढा मिळेल, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तिनं ते ऐकलं होतं.

“पुढच्या औषधानं फरक पडेल,” तो खडखडाटावरून म्हणाला.

ती उठली. मग वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

शनिवारी वाटेत मुलगी म्हणाली, “बाईंशी जास्त बोलत बसू नकोस हं.”

“का? खोड्या काढल्यास वाटतं?”

“नाही. उगाच.”

वर्गात आयाच आया होत्या. बाप असे दोन-तीन, तेही भिंतीला पाठ लावून उभे. घरी हे कळलं तर काय? मुलगी मैत्रिणींकडे पळाली, आणि नेमक्या तेव्हाच बाई समोर आल्या.

“तुम्ही हिचे बाबा ना? आज मावशी नाही आल्या?”

“मावशी?”

“हिच्या मावशी हो. दर बुधवारी दुपारी येतात, मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. आधी मुलं त्यांच्या रुमालाकडे टकामका बघायची. आता शेजारी कुणी बसायचं यावरून भांडणं होतात.”

बुधवारी दुपारी तो दुकानात असायचा. त्याला मावशी कोण ते कळलं, आणि कान तापले. पोरीनं आईची मावशी करून टाकली होती. चारचौघांत आई म्हणायची लाज वाटली तिला, आणि बायकोनं बिचारीनं तेही मुकाट्यानं गिळलं. पोरगी तरी हे कुणाकडून शिकली? बाजारात चार पावलं पुढे कोण चालत होतं? त्याला जमिनीनं पोटात घ्यावंसं वाटलं. आता तरी खरं बोलायचं, असं त्यानं ठरवलं.

“बाई, त्या हिच्या मावशी नाहीत. पोरीला लाज वाटत असेल म्हणून—”

“लाज?” बाई गोंधळल्या. “हिला? अहो, त्या येतात त्या दिवशी ही दारात जाऊन उभी राहते. हात धरून आत आणते त्यांना.”

बाईंनी त्याला जरा बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला.

“मला सगळं माहीत आहे. हिची आई गेल्याचं मावशींनीच सांगितलं पहिल्या दिवशी. वर्गातल्या मुलांनासुद्धा. मुलं काय वाटेल ते विचारतात, म्हणाल्या, हिला काय विचारायचं ते मी जवळ आहे तोवर विचारून होऊ दे. फक्त हिच्या बाबांसमोर हा विषय काढू नका, त्यांना अजून ऐकवत नाही.”