कोणाचंच नसलेलं नाव

"किरण नाई," आबाजी म्हणाले. "किरण म्हणजे आपल्या अंगणवाडीच्या बाई. त्यायले काय वाटंल?"

साक्षीने मोबाइलवरच्या यादीतलं सतरावं नाव खोडलं. पायाशी पूडलचं पिल्लू तिच्या चपलेचा पट्टा चघळत होतं. पांढरंशुभ्र, कुरळ्या केसांचं. शेजारच्या सोनीबाईने तर काल विचारलंच, हे कोकरू कोणाचं म्हणून.

चारच्या गाडीने साक्षीला नागपूरला होस्टेलवर परतायचं होतं. मैत्रिणीच्या घरचं हे पिल्लू तिने कुरखेड्याला घरच्यांकडे ठेवायला आणलं होतं, आणि निघण्याआधी त्याचं नाव पक्कं व्हायलाच हवं होतं. नाहीतर तिची पाठ वळताच या लोकांनी त्याचा मोती करून टाकला असता. तिला कसं, जुनं, भारदस्त नाव पाहिजे होतं. मुलाला शोभेल, मुलीलाही शोभेल असं. पण तीन दिवसांपासून म्हातारा मांजरासारखा आडवा जात होता.

म्हातारा म्हणजे हे आबाजी, तिचे आजोबा, वामनराव मास्तर. छत्तीस वर्षं शाळेत काढलेली. आईबाप पोराला घेऊन यायचे, 'लिवा गुरुजी काईतरी' म्हणायचे, आणि मास्तर नाव शोधून रजिस्टरात लिहायचे. निम्म्या गावाची बारशी त्यांच्याच दौतीतून झालेली. आता त्यांना एकेक नाव आठवत होतं आणि नातीच्या नाकी नऊ येत होते.

"शीतल?"

"पोस्टातला शीतल. मीच लिवलं."

"मंगल?"

"मंगल मेली. पण तिचा नवरा जिता आहे ना!"

"मामाजी," स्वयंपाकघरातून साक्षीची आई रीता सासऱ्यांना म्हणाली, "कुत्र्याचं नाव ठेवून राह्यलो आपण. सरपंच नाई निवडून राह्यलो!"

आबाजींना हसू आलं नाही. ते सकाळपासून बसलेच नव्हते. फाटकापर्यंत जायचे, रस्त्यावर नजर टाकायचे, परत यायचे, पुन्हा चप्पल घालायचे. मघाशी साक्षीने हाक कशी वाटते ते बघायला "शीतऽल!" म्हणून पाहिलं, तर केवढ्यांदा ओरडले. "हळू! रस्त्यावर आयकू जाते!" मग बाहेर जाऊन दोन्हीकडे बघून आले. कुत्र्याचा राग म्हणावा, तर पहाटे पिल्लाचे चिखलाचे पाय यांनीच आपल्या पंच्याने पुसलेले. साक्षीला काही उमगेना.

फाटकाची कडी बसवायला आलेला मुजफ्फर गालात हसत होता. त्याचं चौकात सायकल दुरुस्तीचं दुकान. "नूर ठेव बेटी," तो म्हणाला. "लडका हो या लडकी, दोघायले चालते."

"मुजफ्फर, तुझ्या सासूचं नाव काय?"

मुजफ्फरने जीभ चावली. "नूरबी. पण गुरुजी, ते तर दहा सालापासून बहिरी आहे!"

"तिच्या पोरीले तर आयकू येते ना?"

मुजफ्फर पुन्हा कडीकडे वळला. साक्षीचा मात्र आता तोल गेला.

"मंग काय बिननावाचं राहू देऊ त्याले?"

"टायगर ठेव. मोती ठेव. माणसाचं नको."

"काऊन पण? तुमीच शिकवलं ना, सारे जीव सारखे? अन् आता कुत्रं हलकं झालं?"

आबाजी पुन्हा फाटकाकडे निघाले. तीन वाजून गेले होते. रीताने प्रवासासाठी शिदोरी बांधून पिशवीत ठेवली. साक्षी रडकुंडीला येऊन यादी खाली खाली सरकवत होती. तळाशी एक नाव दिसलं आणि ती उडालीच.

"कुमुद!"

"जुनं आहे, गोड आहे. पोरालेही चालते, पोरीलेही. सांगा आबाजी, कोणाचं आहे?"

मुजफ्फरने हातोडी खाली ठेवून विचार केला. "ये नाव का तो सच में कोई नहीं, गुरुजी. आख्ख्या गावात नाई."

"माह्या माहेरीही नाई," रीता म्हणाली. "सुटलो बाई एकदाचे."

सगळे आबाजींकडे बघू लागले. ते फाटकाला धरून उभे होते. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं.

"नाई," ते म्हणाले. "कोणाचंच नाई."

साक्षीला आनंद मावेना. तिने पिल्लाला अंगणाच्या टोकाला नेऊन सोडलं, पळत फाटकाशी आली आणि आता कोणाची भीती म्हणून गळा मोकळा सोडून हाक मारली. "कुमुऽद! ये कुमुऽद!"

पिल्लू कान हलवत धावत आलं. तिने हसत मागे वळून पाहिलं. आबाजी फाटकाच्या पायरीवर खाली बसले होते, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून.

"आबाजी! काय झालं? तुमीच म्हणाले ना, कोणाचंच नाई?"

"आता नाई. माह्या मायचं होतं."

"त्यायचं नाव तर कचराबाई," रीता बाहेर येत म्हणाली.

"छप्पन साली चांद्याले धम्माची दीक्षा घेतली, तवा टाकून देल्लं तिनं ते. कुमुद घेतलं. घरोघरी जाऊन सांगे, मले आता कुमुद म्हणा." आबाजींनी कानांवरचे हात काढले. "आठ दिवस म्हणलं लोकायनं. नवव्या दिवशी, गावची जमीन ज्याची, त्या मालगुजारानं कुत्री आणली, तिचं नावही तेच ठेवलं, अन् आमच्या वस्तीत उभा राहून हाक मारली. दोघीही धावत गेल्या."