गालांवरची लाली

"हनुवटी वर. आता अजिबात हलायचं नाही," पार्लरवाली म्हणाली आणि मुलाच्या गालांवर बोटाने गुलाबी रंग पसरवू लागली.

सभागृहामागच्या त्या खोलीत आरसा एकच होता आणि त्याच्यापुढे खुर्च्या दोन. एकीवर हा आठ वर्षांचा मुलगा, दुसरीवर त्याच्याच वयाची मुलगी. दोघांचंही हृदय जन्मापासून अधू. ऑपरेशन व्हायचं तर परदेशात, आणि ते दोघांच्याही घरच्यांच्या आवाक्याबाहेरचं. बाहेर आजारी मुलांच्या मदतीचा कार्यक्रम रंगात आला होता. गाणी झाली, भाषणं झाली, आता नकला चालल्या होत्या. त्या संपल्या की या दोघांना रंगमंचावर नेणार आणि आजोबा त्यांतल्या एकाला निवडणार.

आजोबा म्हणजे संस्थेचे सर्वांत मोठे देणगीदार. साबणाचा कारखाना होता त्यांचा. दर वर्षी एका मुलाचं ऑपरेशन ते एकटे करून देत. एकाचंच. कागदपत्रं वाचत नसत. "मला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या दाखवू नका, मुलं दाखवा," असं म्हणून ते पहिल्या रांगेत बसत. ही कसली तऱ्हा, असं पुष्कळांच्या मनात येई. तोंडावर बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

पार्लरवाली सहा वर्षं इथे हौसेने येत होती. दिव्यांच्या झोतात मुलांचे चेहरे पिठासारखे पांढरे पडतात, तेवढे जरा प्रसन्न करायचे, हे तिचं काम. त्यामुळे पडद्याआडून तिने सगळ्या निवडी पाहिल्या होत्या. आजोबांचं बोट दर वेळी जास्त खंगलेल्या मुलाकडेच गेलं होतं. गेल्या वर्षीच्या पोराला तर उचलून आणावं लागलं होतं, आणि आजोबा सगळ्यांदेखत ढसाढसा रडले होते.

या वर्षीची मुलगी तिच्या धाकट्या बहिणीची होती.

स्वयंसेवकांच्या नात्यातल्या मुलांना मदत द्यायची नाही, असा संस्थेचा नियम. म्हणून दोघी बहिणी सकाळपासून एकमेकींना ओळख देत नव्हत्या.

"मॅडम, हिला फार वेळ बसवत नाही हो," धाकटी म्हणाली.

"बसेल. काय म्हणता हिला घरी?"

"चिमणी."

हे नाव पार्लरवालीनेच ठेवलेलं. पोरीने मावशी म्हणून हाक मारली तरी धास्ती नव्हती. लहान मुलं दिसेल त्या बाईला मावशी म्हणतात.

पंचाईत वेगळीच होती. दोघांत चिमणीच जास्त तरतरीत दिसत होती. मुलाला दोन वाक्यं बोलून धाप लागे. हिची टकळी सकाळपासून थांबली नव्हती. खरं तर मावशीला याचा आनंद व्हायला हवा होता. पण तिला नुसती भीती वाटत होती.

तिने मुलाच्या ओठांनाही रंग दिला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकली. सहा वर्षांत इतकं मन लावून तिने कुणाचा चेहरा केला नव्हता.

"मी हिरो दिसतोय," मुलगा आरशात बघून म्हणाला.

त्याची आई पुढे झाली आणि बघतच राहिली. "किती महिन्यांनी असा दिसतोय हो. थांबा, फोटो काढते. ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"त्यात काय," पार्लरवाली म्हणाली आणि ब्रश पुसायला वळली. तिला स्वतःची लाज वाटली. पण हात थांबला नाही.

मुलगा बाहेर गेल्यावर तिने चिमणीची खुर्ची ओढून घेतली. कपाळावर पिवळट थर दिला. डोळ्यांखाली करडा. ओठांवर पावडर दाबून होता नव्हता तो रंग घालवला.

"मला गुलाबी नको?" चिमणीने विचारलं.

"तुला वेगळं करतेय."

"मी भूत दिसतेय, मावशी."

"भूत कुठलं, गुणाची आहेस. बाहेर हसायचं नाही. आईच्या खांद्यावर मान टाकून गप पडायचं. जमेल?"

चिमणीने मान हलवली. तिला तो खेळ वाटला. धाकटीने तोंड फिरवून डोळे पुसले.

एवढ्यात संस्थेच्या चिटणीसबाई डोकावल्या. "अगं, हिला अजून काही लावलं नाहीस?"

"लावलं की. हिच्या कातडीवर रंग धरतच नाही."

"अरेरे," चिटणीसबाई म्हणाल्या आणि घड्याळ बघत गेल्या.

मुलगा रंगमंचावर आला, त्याने हात हलवला, टाळ्या पडल्या. मग धाकटी चिमणीला कडेवर घेऊन आली. चिमणीने मान टाकली ती उचललीच नाही. सभागृह गप्प झालं. आजोबांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. पडद्याआड पार्लरवालीने सुटकेचा निःश्वास सोडला.

पाच मिनिटांनी चिटणीसबाई आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"मुलाचं ठरलं," त्या हळूच म्हणाल्या. "गेल्या वर्षीचं पोर ऑपरेशनाआधीच गेलं, आम्ही बाहेर कुणाला बोललो नाही. आजोबांनी हाय खाल्ली त्याची. यंदा म्हणाले, जे जगेल त्यालाच पाठवायचं. दुपारी फाटकाशी ही पोरगी त्यांच्याशी गप्पा मारत बसली होती ना, तेव्हाच त्यांनी हिचं पक्कं केलं होतं. पण मघाशी तिला पाहिलं आणि म्हणाले, दोन तासांत ही अशी उतरली, ही काही टिकत नाही."