मागं बघू नये

“समाधीवरून निघालं की मागं बघू नये. घराचा उंबरा ओलांडेपर्यंत. मागून हाक आली तरी ओ देऊ नये.”

केवळाबाईंनी सकाळीच लातूरला सुनेला बजावलं होतं. पुनम हसली होती.

“आत्याबाई, मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय.”

“शीक की माय. बघू मात्र नको.”

पण जिलानी पैलवानाच्या कबरीपासून निघताना तिच्या कडेवरच्या शिवांशची टोपी मागं पडली. पुनम वळली, टोपी उचलली, वर कबरीकडं बघून सासूला हसून दाखवलं. दुपारपर्यंत दीड वर्षाचं पोर तापानं फणफणलं.

नावाजलेल्या माणसांच्या कबरी-समाध्या बघत हिंडायचा नाद तिच्या नवऱ्याचा, शिवशंकरचा. कुठंही निघाला की वाट वाकडी करायची, फोटो काढायचा, अन् तसलाच नाद असलेल्यांच्या ग्रुपवर टाकायचा. आता नांदेडला घरी परतायचं होतं. पण देवणीजवळच्या टेकडीवर जगदेवी गायिकेची समाधी राहिली होती.

“औषध दिलंय ना? उतरेल ताप,” तो म्हणाला. “जाऊन लगेच येऊ.”

“ती समाधी काय पळून चाललीय?” पुनम म्हणाली. पण गाडी वळलीच.

टेकडीखाली नारळ विकणाऱ्या बाईनं केवळाबाईंचं लंगडणं बघितलं. “पायऱ्या चढू नका मावशी. मागून गाडीवाट हाय. लांब हाय, पर सपाट हाय.”

“म्या न्हाई येत. पडते गाडीतच.” केवळाबाईंनी नातवाच्या कपाळाला हात लावला अन् सुनेला हळूच म्हणाल्या, “वरचा अंगारा तेवढा आण लेकराला. इसरू नको.” मग मागच्या सीटवर आडव्या झाल्या अन् नेहमीसारखी शाल डोक्यावरून ओढून घेतली.

वर वारं लई होतं. शिवशंकरनं मोबाइलवर जगदेवीची गवळण लावली अन् फोटो काढत राहिला. पुनमला काही सुचत नव्हतं. छातीशी धरलेलं पोर निखाऱ्यासारखं लागत होतं.

“चला ना आता.”

अंगारा राहिला, हे तिला पायऱ्या उतरताना आठवलं. पण आता वळायचं नव्हतं. सकाळी वळली होती, तेवढं पुरे होतं.

तेवढ्यात मागून हाक आली. समाधीच्या पलीकडून. बाईचा आवाज, वाऱ्यात तुटत येणारा.

“पुनम...”

तिच्या अंगावर काटा आला. नवऱ्याच्या हातात गवळण चालूच होती.

“ऐकलंत?”

“काय?”

“काही नाही. उतरा लवकर.”

पुन्हा हाक आली. तिनं शिवांशचा कान तळव्यानं झाकला, नजर पायऱ्यांवर ठेवली अन् भराभर खाली आली. पुढच्या सीटवर बसली.

“काढा गाडी.”

शिवशंकरनं आरशात एकदा बघितलं. “माय गाढ झोपलीय.”

“झोपू द्या.”

उदगीर गेलं. पुनमनं मान वळवली नाही. मागं ठेवलेली पाण्याची बाटलीही घेतली नाही, रस्त्यात नवी विकत घेतली. शिवशंकर गालात हसला. “मायक्रोबायोलॉजी कुठं गेली?”

तिनं नवी बाटली शिवांशच्या ओठांना लावली.

मुखेडच्या पुढं शिवांशला घाम फुटला. कपाळ गार लागलं. थोड्या वेळानं तो बिस्किटासाठी हात नाचवायला लागला. पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंचं ऐकलं, म्हणून निभावलं. घरी गेल्यावर आधी त्यांच्या पाया पडायचं, तिनं ठरवलं.

दिवेलागणीला नांदेडला पोचले. पोराला कडेवर घेऊन तिनं उंबरा ओलांडला. मग मोकळ्या मनानं मागं वळली, गाडीपाशी आली अन् मागचं दार उघडलं.

“आत्याबाई, उठा. तुमचंच खरं निघालं.”

तिनं शाल ओढली. खाली उशी होती, कपड्यांची पिशवी होती, अन् केवळाबाईंचा मोबाइल.

शिवशंकर गाडी परत फिरवत होता, तेव्हा त्याच्या फोनवरून तिनं ग्रुपवर लिहिलं: ‘देवणीच्या आसपास कुणी असाल तर हात जोडते, आत्ता जगदेवीच्या समाधीवर जा. आमच्या सासूबाई तिथं आहेत. हिरवं लुगडं, गुडघे दुखतात, मुठीत अंगारा असेल. मागून हाक मारतील. वळून बघा.’