उजवीकडची आधी

सन २०७१ची ही गोष्ट. तेव्हा माणसाची स्मृती आकड्यांच्या सारण्यांत मांडून, गुणाकार करून दुरुस्त करत. गणित शिकवणाऱ्या मृण्मयीबाईंचे यजमान तन्मयराव मेंदूचा झटका आल्यावर नावे विसरू लागले, म्हणून बाईंनी त्यांना दवाखान्यात आणले. तिथला तंत्रज्ञ ओजस हा बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला.

"बाई, दोनच सारण्या. पहिली जखम पुसते, दुसरी नावं बसवते. काका आत्ता हाक मारतील बघा."

तन्मयरावांनी डोळे उघडले आणि अदबीने विचारले, "आपण कोण?"

बाईंनी पडद्याकडे पाहिले. पुसणारी सारणी डावीकडे होती, बसवणारी उजवीकडे.

"ओजस, सारण्यांच्या गुणाकारात उजवीकडची आधी लागू होते रे! आधी नावं बसली, मग तीही पुसली गेली."

"उलटं फिरवू, बाई?"

"पुसणारी सारणी उलटत नाही. हेही शिकवलं होतं."

अकरावीच्या पेपरात त्याने हाच क्रम चुकवला होता. त्याची आई नुकतीच गेली होती, म्हणून बाईंनी चार गुण वाढवून त्याला पास केले होते.

ओजसने पुढे ते काम सोडले आणि पुन्हा कधी बाईंसमोर आला नाही. तन्मयराव सहा वर्षे जगले, पण त्या पुसण्यात नवे लक्षात ठेवणेही गेल्याने कालचे काहीच त्यांना आज आठवत नसे. बाईंनी त्या चार गुणांची गोष्ट दुसऱ्या कुणालाच सांगितली नाही. तन्मयरावांना मात्र रोज सांगितली. ते रोज नव्याने ऐकत आणि म्हणत, "आई गेलेलं पोर ते. चांगलं केलंत, बाई."