काइनाची बायको

धाकट्या लेकीचं, कृपाचं लग्न झालं त्या वर्षी मी अक्षरं शिकले आणि मरोळच्या घरात पहिल्यांदाच स्वतः बायबल वाचायला घेतलं. तोवर रोज जेवणाआधी आमचे हे मला वाचून दाखवायचे. तेव्हा सगळं कळायचं. आता मात्र पानोपानी अडायला लागलं.

"अहो, आदामाच्या मुलाला, काइनाला, मावशीने बायको शोधून दिली, असं वाचायचात ना तुम्ही? इथे तर ती कुठून आली तेच लिहिलेलं नाही!"

"तू विचारत बसायचीस गं. कालवण गार व्हायचं. म्हणून पदरचं घातलं."

"आणि तारवातली जनावरांची घाण काढली म्हणून देवाने नोहाच्या बायकोला शाबासकी दिली, ते?"

"तेही माझंच. त्या दिवशी तू फार दमली होतीस."

मला रडूच आलं. "मग आता विश्वास कशावर ठेवू? यातलं देवाचं कुठलं नि तुमचं कुठलं, कसं ओळखायचं?"

"सोपं आहे. ऐकल्याबरोबर कळलं ते माझं. जिथे अडतेस ते देवाचं."

तेव्हापासून अडलं तरी मी निर्धास्त पुढे वाचते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, चहा पिता पिता, हे वारले. असे एकाएकी का, ते मला अजून कळलेलं नाही.