अडखळती हाक

"बोलताना एवढी अडखळतेस, मग नाटकात एमए कशाला?" असं शर्वाणीला सगळ्यांनी विचारलं होतं. तिने संशोधनाला तोच विषय घेतला. अडखळणं लपवलंच नाही, तर अभिनयाचं काय होतं?

परीक्षेच्या दिवशी रंगमंचावर ती जत्रेत मुलगी हरवलेली आई झाली. हाक मारताना "म... म..." वर जीभ अडकली. प्रेक्षकांत कुणी हललं नाही. अखेर "मंजू!" अशी हाक बाहेर पडली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

परीक्षकांनी विचारलं, "मघाशी अडकलीस, ते ठरवून की खरंच?"

"तेच शो... शोधतेय, सर. अजून नीट कळलं नाही."

सर हसले. "मग पीएचडीला हेच पुढे ने."

तिचं "हो" यायला वेळ लागला. तिला घाई नव्हती.